ओ

शाळेत शिकवलं होतं, ओ म्हणजे सर्वदाता.
कराडच्या कॉलेजात, एनएसएसच्या शिबिरात
तीनदा रक्त दिलं मी.
तीनदा बिस्किटांचा पुडा, स्टीलची वाटी
आणि "तुमचं रक्त कुणालाही चालतं, ताई."
वाट्या अजून आईकडे आहेत.
वाक्य मी बरोबर आणलं, इथे स्वान्झीपर्यंत.

जानेवारी. दुपारचे साडेतीन आणि दिवे लागलेत.
खिडकीबाहेर समुद्र कुठे संपतो, आभाळ कुठे सुरू होतं
ते मलाच काय, सीगलनाही कळत नसावं.
तू निळ्या उजेडाखाली,
डोळ्यांवर पांढरी पट्टी,
गुडघे पोटाशी, आत होतास तसाच.
फक्त आता मी बाहेर आहे.

पायातल्या पट्टीवर लिहिलंय: बेबी खटावकर.

डॉक्टर अडेयेमी माझ्याहून लहान असेल.
हातमोज्यांच्या खोक्यावर तिनं दोन गोल काढले.
आई ओ, बाबा बी, बाळानं बाबाचा बी उचलला.
तुमच्या रक्तातले पहारेकरी नाळ ओलांडून गेले,
त्यांना हे अक्षर ओळखीचं वाटलं नाही.
चूक कुणाचीच नाही, ती म्हणाली.
मग थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली.
दोनदा सांगावं लागलं म्हणजे असणारच कुणाची तरी.

मी मोटार परवान्यांच्या कचेरीत फोटो तपासते.
गालावर सावली, डोळे मिटलेले, अर्ज परत.
म्हणजे आतही माझं तेच चाललं होतं,
जेवताना, झोपेत, बसची वाट बघताना:
तुझा अर्ज परत, परत, परत.

सासूबाईंचा फोन: कोवळ्या उन्हात धर त्याला.
कुठून आणू, आई?
त्यांच्या शेजारणीचा निरोप:
घेटुळीच्या मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवायची,
ती लांबत लांबत गळ्यात येते,
पायापर्यंत उतरली की कावीळ गेली.
इथे माळ नाही, तक्ता आहे.
त्यावर दोन चढत्या रेघा.
खालची ओलांडली तर दिवा,
वरची ओलांडली तर अंगातलं रक्तच बदलायचं.
मध्ये एक ठिपका, तो तू.
काल रात्री तो चढत होता
आणि उन्मेष, जो बिलाची बेरीजही तोंडी करतो,
बोटांवर काहीतरी मोजून गप्प बसला होता.

पहाटे दोनला ब्रॉनवेन टाच टोचायला आली.
तू किंचाळलास, मी तिच्या बुटांकडे बघत राहिले.
मग विचारलं, अंगावर पाजू ना मी ह्याला?
माझंच आहे ना ते, म्हणून विचारते.
"कारियाद," ती म्हणाली
(इथे मासे विकणारासुद्धा म्हणतो हा शब्द,
तरी माझा गळा दाटला),
"पोटात गेलेलं दूध कुणाशी भांडत नाही. पाज.
जितके लंगोट भरेल, तितका पिवळा कमी."

अर्धा तास दिवा बंद.
पट्टी काढली तशी वळ उठलेला दिसला कपाळावर.
काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात.
तू एक डोळा उघडलास,
बुबुळाभोवती हळदीचा हात पुसलेला अभ्रा.
काय दिसलं तुला, तूच जाणे.
जांभई दिलीस
आणि ओढायला लागलास, जोरात,
काहीही न तपासता.

सकाळी दोनशे चौऱ्याहत्तर. कालपेक्षा सात कमी.
उन्मेषनं आकडा पार्किंगच्या पावतीमागे लिहिला,
खाली रेघ मारली, पावती खिशात घातली,
पुन्हा काढून पाहिली.
सासूबाईंनी विचारलं, ह्याचा गट कोणता गं?
बी.
बी ना? मग रुजेल, म्हणाल्या,
आणि त्यांचा कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

तुला अजून नाव नाही. हाक कशी मारणार?
ए, म्हणते. अरे ए.
काचेपलीकडे पाय हलतो, तोही बहुधा झोपेत.
ओ देत नाहीस.
नको देऊस.
दिवा अजून चालू आहे.